कोपरानं बेल वाजवणारी डेलिया

आमच्या दाराची बेल दोन प्रकारे वाजायची. बोटानं दाबली की एकदाच, नीट. तो पाण्याच्या बाटल्या आणणारा असायचा, नाहीतर वॉचमन. आणि कुणी दाबून धरल्यासारखी लांबलचक वाजत राहिली की समजायचं, डेलिया आली. तिचे दोन्ही हात कधी रिकामे नसत. म्हणून ती कोपरानं बेल दाबायची आणि दार उघडेपर्यंत कोपर काढायची नाही.

"कोमाद्रे, आधी हे धर. गरम आहे," हे तिचं नमस्काराऐवजीचं वाक्य.

कोमाद्रे म्हणजे काय, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या मुलाची धर्ममाता झालेली बाई आणि आपण, या दोघींचं नातं. पण तिच्या गावात घट्ट मैत्रिणीलाही तेच म्हणतात. मी तिला आपल्याकडची विहीण समजावून सांगितली. ती म्हणाली, "जवळपास तेच. फक्त भांडणं कमी."

बहारीनमध्ये, जुफैरच्या त्या इमारतीत आम्ही समोरासमोर राहायचो. मी अस्करकडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात. ती अमेरिकन नौदलाच्या तळावर, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायची. मी माल मागवणारी, ती माल राखणारी. दोघींचा अर्धा दिवस पुरवठादारांना शिव्या घालण्यात जायचा, त्यामुळे ओळख वाढवायला वेगळे विषय शोधावे लागले नाहीत. नवरा तिला सोडून फार पूर्वी गेला होता. त्याबद्दल ती एवढंच सांगायची की त्याचा सुटा भाग मिळत नव्हता, म्हणून गाडीच बदलली. पण दुसरी गाडी तिनं घेतली नाही.

ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. चष्मा कायम डोक्यावर आणि शोध सगळ्या घरात. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर स्टोअरसारखी चिठ्ठी: काय आहे, कधी आणलं, कुणी हात लावायचा नाही. एसी इतका थंड ठेवायची की तिच्याकडे जाताना मी स्वेटर घालून जायची. माझा नवरा म्हणायचा, "समोर चाललीस की सिमल्याला?"

डेलिया टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाची. नदीकाठचं गाव, वडील संत्र्या-पपनसांच्या बागेत मुकादम. तिला कुणी विचारलं, "तुमचं कुटुंब मेक्सिकोतून अमेरिकेत कधी आलं?" की ती हात कमरेवर ठेवायची. "आम्ही कुठूनही आलो नाही. माझ्या खापरपणजीनं आयुष्यभर एकच घर झाडलं. बाहेर झेंडे बदलत राहिले, त्याला ती काय करणार?"

एवढं असून तिचं स्पॅनिश यथातथाच. तिच्या आजीला शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मार बसला होता. म्हणून वडील मुलांशी हट्टानं इंग्रजीच बोलले. डेलियाकडे मावशांकडून उचललेलं, स्वयंपाकाचं आणि रागावण्याचं तेवढं स्पॅनिश होतं. ते मात्र ती सढळ वापरायची.

तिचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे 'आपली माणसं'. लिफ्टमध्ये कुणी स्पॅनिश आडनावाचा दिसला की ती त्याचा मजला, गाव आणि मतदारयादीत नाव आहे की नाही, तिन्ही गोष्टी खाली पोचेपर्यंत काढून घ्यायची. अमेरिकन नागरिक कुठल्याही देशात असला तरी तिकडच्या निवडणुकीत टपालानं मत देऊ शकतो. निवडणुकीच्या वर्षी डेलिया ऑक्टोबरपासून दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवण घालायची आणि मग जेवलेल्यांच्या मागे लागायची. हे ती वडिलांकडून शिकली होती. वडील मतदानाच्या दिवशी बागेचा ट्रक धुऊन काढायचे, गल्लीतल्या सगळ्यांना त्यात बसवून केंद्रावर न्यायचे आणि येताना सगळ्यांना खायला घालायचे. मत कुणाला दिलं, हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

"भाषण ऐकून कुणी उठत नाही, कोमाद्रे," ती म्हणायची. "ओळखीचं कुणी दारात येऊन 'चल' म्हणालं, की उठतात."

शुक्रवारच्या जेवणात तामालेस असायचे. मक्याच्या पिठाची उकड, आत कोंबडी किंवा चीज-मिरची, मक्याच्या कणसाच्या वाळलेल्या सालात गुंडाळून वाफवलेली. करायचे ते सगळ्यांनी टेबलाभोवती बसून. मला हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची सवय, त्यामुळे माझी भरती लगेच झाली. खालच्या मजल्यावरच्या हमीदाआपालाही मीच ओढून नेलं. आपा म्हसळ्याची, मी अलिबागची. मिस्टर तिचे मनामात कापडाच्या दुकानात. डेलिया कोंबडी आपाच्याच खाटकाकडून आणायची, म्हणजे कुणाची पंचाईत नको.

एकदा आम्ही दोघी सालं भरताना मराठीत काहीतरी कुजबुजत हसत होतो. डेलियानं विचारलं, "तुम्ही दोघी एकाच गटातल्या?"

मी जरा थबकले. आमच्या मंडळाच्या गणपतीला आपा येत नाही, आणि त्यांच्या जमातीच्या कार्यक्रमाला मी कधी गेलेली नाही. आपा मात्र थबकली नाही. मला म्हणाली, "सांग गो तिला. तिकडं गेलो का ही तिच्या आळीत न् मी माझ्या मोहल्ल्यात. इथं दोघी इंडियन. दुकानदार काय आळी विचारतो?"

मी भाषांतर केलं. डेलियानं पिठाचा हात टेबलावर आपटला. "हेच! अगदी हेच! आम्हाला पण घराबाहेर पडल्यावर लातिनो, म्हणजे सगळे स्पॅनिशवाले एकच, करून टाकतात. घरी कुणी लातिनो नसतं."

तिच्या टेबलावरच याचा पुरावा होता. एक रेनाल्डो. मायामीचा, आईवडील क्युबातून पळून आलेले. हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. शुक्रवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि कॉफीचं भांडं स्वतःचं आणायचा, कारण डेलियाच्या कॉफीला तो 'गरम पाणी' म्हणायचा. मत तो डेलियाच्या बरोबर उलट पक्षाला द्यायचा.

दुसरी मिलाग्रोस. पोर्तो रिको बेटावरची, पोन्से नावाच्या गावची. पन्नाशीच्या पुढची, तळावरच्या दवाखान्यात नर्स. वरच्या मजल्यावर एकटी राहायची. एसीपासून लांबची खुर्ची पकडून, अंगावर शाल घेऊन बसायची आणि सगळ्यांची खोड काढायची. तिच्या मते हे पदार्थ केळीच्या पानातच करायचे असतात. "कणसाचं साल गुरं खातात," ती म्हणायची.

"बेटावर मका पिकत नसेल," डेलिया म्हणायची.

"पिकतो. आम्ही साल फेकून देतो."

रेनाल्डो म्हणायचा, कोंबडी आत भरायची नसतेच, पिठातच कालवायची. मग तिघं इंग्रजी सोडून आपापल्या स्पॅनिशमध्ये शिरायची. त्यातही डेलियाच्या क्रियापदांना बाकीचे दोघे हसायचे, तेव्हा डेलिया एकटीच पुन्हा इंग्रजीत परत यायची.

कुणाला मत द्यायचं हे टेबलावर बोलायचं नाही, असा तिचा नियम होता. तो पहिल्या घासाला मोडायचा. टीव्हीवर कुणी 'लातिनो मतदार काय करणार?' असं म्हणालं की ती टीव्हीवर हातातला फडका भिरकवायची. "इथं तिघांचं एका तामालेवर एकमत नाही!"

मी एकदा विचारलं, "मग तू त्यांना 'आपली माणसं' म्हणून गोळा कशाला करतेस?"

तिनं हात पुसले. "बघ, आम्ही एक नाही. पण बाहेरचे बोट दाखवतात तेव्हा सगळ्यांकडे एकच बोट दाखवतात. रेनाल्डोला रस्त्यात अडवणारा क्युबा की मेक्सिको हे विचारत नाही. मग निवडून येणाऱ्यांनी आमचा विचार करायचा तर आम्ही हजर नको? कुठल्या का पक्षाकडून होईना, हजर."

"माझ्या पक्षाकडून," रेनाल्डो म्हणाला.

"तू जेव."

मलाही तिनं सोडलं नाही. "तुझं मत कसं जातं?" मी सांगितलं, आमच्याकडे परदेशातून टपालानं मत देता येत नाही, स्वतः जाऊन द्यावं लागतं. तिला आधी हे खरंच वाटेना. मग म्हणाली, "तर जा."

"मतासाठी विमानानं जाऊ?"

"भाच्याच्या मुंजीला गेलीस ना?"

हमीदाआपा उगाच खाली मान घालून सालं मोजल्यासारखं करत होती.

त्या वर्षी मात्र डेलियाचं लक्ष आमच्यापैकी कुणावर नव्हतं. ते होतं नेलीवर. नेली तिची एकुलती एक मुलगी, नुकतीच अठराची झालेली. पहिलं मत. अडीच-तीन वर्षांची असल्यापासून आईच्या नोकरीमागे देशोदेशी फिरलेली, शेवटची आठ-नऊ वर्षं बहारीनमध्ये. तिला आईचं स्पॅनिश कळायचं, उत्तर इंग्रजीत. आमच्या घरी मराठीचं तेच, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. नेली शांत पोरगी, पण एकदा नाही म्हणाली की नाहीच.

टेक्सासमधल्या आजीच्या पत्त्यावर तिचं नाव डेलियानं वेळेत नोंदवून घेतलं. मतपत्रिका ईमेलवर आली. ती छापायची, भरायची आणि तळावरच्या पोस्टात टाकायची, एवढंच उरलं होतं. नेली छापेना.

"मिहा, अगं पाच मिनिटांचं काम," डेलिया म्हणायची. मिहा म्हणजे बाळा.

"मी तिथे राहिलेच नाही, अमा. मी कुणासाठी मत देऊ?"

"आपल्या माणसांसाठी."

"कोण आपली माणसं? मी टेक्सासला गेले की मामेभाऊ मला अरब म्हणून चिडवतात. इथे मला अमेरिकन म्हणतात. तळावर मला फिलिपिनो समजतात. लातिना फक्त तू म्हणतेस."

भिंती पातळ होत्या, आणि बाल्कन्या जोडून. हे सगळं मी कपडे वाळत घालताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी डेलिया भांडं परत करायला आली तेव्हा म्हणाली, "माझे वडील गल्लीतल्या परक्यांना ट्रकमध्ये घालून नेत. मला घरातली एक मुलगी उठवता येईना."

"चिडू नकोस. मागे लागलीस तर अजिबात देणार नाही," मी म्हटलं.

"मागे लागण्याखेरीज मला काही येत नाही," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

नेलीवर चालेना, तेव्हा तिनं सगळा जोर मिलाग्रोसवर काढला. दर शुक्रवारी तोच प्रश्न. "मिलाग्रोस, पाकीट पोस्टात टाकलं?" मिलाग्रोस म्हणायची, "बघू." पुढच्या शुक्रवारी पुन्हा, "बघू." डेलियाला वाटलं, बाई आळस करते आहे.

पाकिटं वेळेत पोचायची तर टाकायलाच हवीत, असा तो शेवटून दुसरा शुक्रवार असेल. जेवणं झाली होती. नेली कॉफीचे कप गोळा करत होती. डेलियानं सगळ्यांसमोर विषय काढला.

"तू आमच्यातली सगळ्यात मोठी. तूच अशी हातावर हात ठेवून बसलीस तर नेलीला मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मिलाग्रोसनं शाल सारखी केली. आवाज न चढवता म्हणाली, "माझं घर पोन्सेला आहे."

"मग? माझं टेक्सासला आहे."

"टेक्सास राज्य आहे. आमचं नुसतं बेट आहे. पासपोर्ट तुझ्यासारखाच. माझा नवरा याच नौदलात होता, निवृत्त झाला तो याच झेंड्याला सलाम करून. पण पत्ता बेटावरचा असला की राष्ट्राध्यक्षासाठी मत नाही. गव्हर्नरसाठी आहे, ते माझं कधीच गेलं. तू ज्या पाकिटाचं विचारतेस, ते मला कुणी पाठवतच नाही. उद्या मायामीला भाड्यानं खोली घेतली तर मिळेल. मी घेतली नाही. माझं घर पोन्सेला आहे."

"तू आधी का नाही बोललीस?"

"तू पाकिटाचं विचारत होतीस. माझं कुठे विचारलंस?"

रेनाल्डो भांड्यातली संपलेली कॉफी ओतायला लागला. त्याला हे माहीत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. हमीदाआपानं मला कोपरखळी मारून विचारलं, "काय झालं गो?" मी खुणेनं थांब म्हटलं. इतकी वर्षं 'आपली माणसं, आपली माणसं' करणाऱ्या डेलियाला आपल्याच टेबलावरचं हे माहीत नव्हतं. तिच्या गावात पोर्तो रिकोचं कुणी नव्हतंच, तर कळणार कुठून? पण ही सबब तिनं सांगितली नाही. खुर्चीत बसून राहिली. कप हातात धरून नेलीही तिथेच उभी राहिली.

मिलाग्रोस जाताना शाल विसरून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती द्यायला मी वर गेले, तर जिन्यातूनच डेलिया दिसली. मिलाग्रोसच्या दारासमोर उभी. हातात भांडं नाही, पिशवी नाही, काही नाही. तिनं बोटानं बेल दाबली. एकदाच, नीट. पाठमोरी होती, आणि क्षणभर मला ती ओळखूच आली नाही.

दार उघडलं.

"काय आणलंस?" मिलाग्रोस म्हणाली.

"काही नाही. मला ते केळीच्या पानातलं शिकव."

"तुझ्या हाताला जमायचं नाही."

"तरी शिकव."

दार पूर्ण उघडलं गेलं. मी शाल घेऊन आल्या पावली खाली उतरले. ती संध्याकाळीही देता येण्यासारखी होती.

केळीची पानं मी आणली, मनामातल्या केरळी दुकानातून. गॅसवर ती कशी फिरवायची म्हणजे दुमडताना फाटत नाहीत, हे हमीदाआपानं दाखवलं. डेलियाच्या पुड्या पहिल्या खेपेला उकलल्या. मिलाग्रोस नुसती बघत बसली आणि प्रत्येक उकललेल्या पुडीला समाधानानं मान हलवत राहिली. मक्याऐवजी किसलेल्या कंदाचं ते वाटण मला फारसं आवडलं नाही, हे इथे सांगून टाकते. डेलियालाही आवडलं नव्हतं. ती दोन खाऊन उठली.

त्याच आठवड्यात नेली एकटी वर गेली. हे मला मिलाग्रोसनंच नंतर सांगितलं. हातात छापलेली मतपत्रिका होती. म्हणाली, "तुमच्या टेबलावर भरू?" मिलाग्रोस म्हणाली, "भर. मला दाखवू नकोस आणि मला विचारू नकोस." मग खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसली. मधेच नेलीनं विचारलं, "तुम्ही असता तर कुणाला दिलं असतं?" मिलाग्रोस म्हणाली, "मी नाही ना. तू आहेस. लिही."

मुदतीच्या शेवटच्या शुक्रवारी सगळे जमले. डेलियानं कुणालाच काही विचारलं नाही. तिला न विचारणं इतकं जड जात होतं, की तिनं रस्सा दोनदा वाढला. अखेर मिलाग्रोसनंच तोंड उघडलं.

"नेलीचं पाकीट मी माझ्या हातानं पोस्टात टाकलं."

डेलियाचा डाव हवेत राहिला. "कधी? कुणाला दिलंस, मिहा?"

"अमा, आजोबांनी कधी सांगितलं होतं?"

रेनाल्डो मोठ्यानं हसला. "माझ्याकडचं एक मत वाढलं वाटतं!"

"तू केळीचं पान खा," डेलिया म्हणाली. पण तिचा चेहरा पाहायला हवा होता. डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आला होता, आणि तो पुसायच्या निमित्तानं ती स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आली नाही.

नेली नंतर मला लिफ्टमध्ये भेटली. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, "शुभा आंटी, अमा ज्यांना आपली माणसं म्हणते ना, ती मला दिसायचीच नाहीत. मिलाग्रोस दिसते."

"बरं केलंस," मी म्हटलं. खाली पोचलो होतो, आणि मला बस पकडायची होती.

निकाल काय लागला ते इथे महत्त्वाचं नाही. डेलिया आणि रेनाल्डो या दोघांपैकी एक जण पुढचे काही शुक्रवार गुरगुरत जेवला, दुसरा शीळ घालत. टेबल मोडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात डेलियाचं कंत्राट संपलं. नेलीला टेक्सासच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि आईनंही तिकडेच नवं काम मिळवलं. सामान आधीच गेलं होतं. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांसकट सगळे डबे माझ्याकडे आले. एकावर अजून 'कुणी हात लावायचा नाही' असं आहे. त्यात मी तूरडाळ ठेवते.

निघायच्या सकाळी मी, आपा, मिलाग्रोस, सगळ्या तिच्या दारात उभ्या होतो. डेलियाच्या दोन्ही हातांत बॅगा, खांद्याला पिशवी, बगलेत उशी. मिलाग्रोसनं त्यावर केळीच्या पानातल्या पुड्यांचा डबा ठेवला. "विमानात खा. जमिनीवर तर खाणार नाहीस."

"खाईन," डेलिया म्हणाली. सगळ्यांना माहीत होतं की तो डबा नेली खाणार.

मिठ्या मारायची सोय नव्हती, हातच मोकळे नव्हते. तिनं कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. "मतदानाला घरी जा, कोमाद्रे," ती म्हणाली. "आपालाही ने. एकाच गाडीतून."

"आमच्या दोन गावांत किती अंतर आहे, माहीत आहे का तुला?"

"ट्रक धुऊन ठेवा."

नेलीनं लिफ्टचं बटण दाबण्यासाठी हात पुढे केला. तेवढ्यात डेलियानं वळून कोपरानं ते दाबलं आणि लिफ्ट येईपर्यंत दाबूनच धरलं. लिफ्ट आली. आत शिरल्यावर ती आमच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मुलीकडे हनुवटीनं खूण करत मला म्हणाली, "कुणाला दिलं, ते हिनं अजून सांगितलेलं नाही."

हे तिनं इतक्या खुशीत सांगितलं, की दार बंद झाल्यावरही आपा मला विचारत होती, "पोरीचं लगीन ठरलं का गो?"